पहिली डोंगरवाट : सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग, सायकलवर

सोलापुरातून डोंगरात सायकल चालवायला जायचं म्हटलं की मंडळी महाबळेश्वरचं नाव काढतात. मग गाडीच्या टपावर सायकली बांधा, अर्धा दिवस प्रवास करा, आणि तिथं पोचून दमलेल्या अंगानं पायडल मारा. बालाघाटाची डोंगररांग आपल्या दारात आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. रूपाभवानीच्या देवळापासून निघालं तर पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर, तिथून तेहतीस-चौतीसवर नळदुर्ग, आणि नळदुर्गाहून हैदराबाद रस्त्यानं साधारण अठ्ठेचाळीस किलोमीटरवर परत सोलापूर. असा हा सव्वाशे किलोमीटरचा त्रिकोण आहे. त्यात एक घाट, एक शक्तिपीठ आणि धरणाच्या पोटात महाल बांधलेला एक किल्ला येतो. पहिल्या लांबच्या फेरीला याहून सोयीची वाट मला तरी माहीत नाही.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे आणि तुळजापूर त्याहून पावणेदोनशे-दोनशे मीटर उंच. आकडा ऐकून हसू येईल, पण नवखा माणूस या वाटेवर घाटात हरत नाही. तो हरतो उन्हानं, समोरून येणाऱ्या वाऱ्यानं आणि उशिरा निघाल्यानं. पुढचं सगळं या तिघांना कसं चुकवायचं याबद्दल आहे.

कधी निघायचं आणि कुठल्या बाजूनं

मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा, नाव काढू नका. पारा चाळिशीच्या वर असतो आणि रस्त्याला सावली म्हणाल तर एखादं कडुलिंब. ‘पहाटे निघून दहाला पोचू’ असा हिशोब मी एका एप्रिलमध्ये केला होता. एक पंक्चर झालं, हिशोब दीड तासानं चुकला, आणि उरलेला चढ मी सायकल हातात धरून चढलो. डोक्यावर ओला टॉवेल होता आणि तोंडात फक्त शिव्या.

दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. या दिवसांत आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. नळदुर्ग सोलापूरच्या पूर्वेला आहे. म्हणून हिवाळ्यात आधी तुळजापूर, मग नळदुर्ग, मग सोलापूर असंच फिरायचं : सर्वांत लांबचा शेवटचा टप्पा वारा पाठीशी घेऊन होतो, शिवाय तो एकंदरीत उताराचा आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, नैऋत्येचा. तेव्हा हीच फेरी उलटी करावी. हे न कळल्यामुळे लोक जुलैत नळदुर्गाहून परतताना बोरामणीच्या माळावर तोंडावर वारा घेत रडकुंडीला येतात आणि मग सायकलला नावं ठेवतात.

नळदुर्गचे धबधबे बघायचे असतील तर मात्र जून-जुलैत घाई करून उपयोग नाही. या पट्ट्यात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. वरचं बोरी धरण भरून वाहू लागलं की किल्ल्यातलं पाणी पडतं. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, तेही चांगल्या पावसाच्या वर्षी.

तारखा ठरवताना पंचांग बघा. नवरात्र, पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी तुळजापुरात गर्दी असते. कोजागरीच्या आसपास तर सोलापूर–तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्या भक्तांचाच असतो, वाहतूकही दुसरीकडे वळवतात. तेव्हा सायकल घरी ठेवावी आणि इच्छा असेल तर चालत जावं. बुधवारी निघून गुरुवारी परत, हे सगळ्यांत निवांत.

सायकल

नवी घेऊ नका. असलेली गिअरची साधी हायब्रिड किंवा एमटीबी (जाड टायरची माउंटन बाईक) पुरते. बिनगिअरच्या सायकलवर आपले वाडवडील तुळजापूरला जाऊन आले हे खरं, पण त्यांचे गुडघेही वेगळे होते.

निघण्याआधी आठवडाभर दुकानात नेऊन चेन, ब्रेकचे गट्टू आणि चाकाच्या आऱ्या तपासून घ्या. आदल्या दिवशी दुरुस्ती करू नका. केलेल्या कामाची परीक्षा घ्यायला दोन-तीन दिवस हाताशी हवेत. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना टाच त्यावर टेकली तर पाय सरळ होईल. बहुतेक नवख्यांची सीट खूप खाली असते, आणि मग ‘गुडघा दुखतो, वय झालं’ असं सुरू होतं.

आता काटे. आपल्या भागातल्या सायकलस्वाराचा खरा शत्रू ट्रक नाही, वेडी बाभळ आहे. रस्त्याच्या कडेला जेवायला, लघवीला, फोटोला थांबताना सायकल डांबरावरून खाली उतरवली की काटा लागलाच समजा. म्हणून सायकल उचलून न्यायची. सोबत दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्यूशन, टायर काढायचे लिव्हर आणि हातपंप हवाच. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. काटा टायरमध्ये तसाच रुतलेला असतो. मी एकदा तांदुळवाडीच्या अलीकडे घाईघाईनं ट्यूब बदलली, आणि शंभर पावलांवर दुसरीही बसली. काटा तोच होता.

ट्यूबच्या तोंडाकडेही लक्ष द्या. महागड्या सायकलींना बारीक, लांब व्हॉल्व्ह असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठंही हवा मिळते. प्रेस्टा असेल तर त्याच्यावर बसणारं पितळी अ‍ॅडॉप्टर सायकलच्या दुकानात मिळतं, ते खिशात असू द्या.

सामान पाठीवर घेऊ नका. पाठीवरची सॅक पहिल्या वीस किलोमीटरला हलकी वाटते आणि तिसाव्याला खांदे ओढते. कॅरिअर लावून दोन बाजूंना पिशव्या लटकवा, दोन्हीकडे सारखं वजन. एक जोडी कपडे, पातळ चादर, टॉवेल, मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा, हेल्मेट, उजळ रंगाचं जाकीट. पाणी तीन लिटर.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी! दोन दिवस काय, आठवडाभर टिकते, फुटली तरी चुरून खाता येते, आणि धुवायला भांडं लागत नाही. लोक बाजारातून परदेशी एनर्जी बार आणतात; मी खिशात गूळ-शेंगदाणे ठेवतो. बाटलीतल्या पाण्यात लिंबू, मीठ आणि थोडी साखर घाला. भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं, एवढं पाळलं तरी खूप झालं.

महिनाभर आधी

आठवड्यातून तीनदा दहा-पंधरा किलोमीटर, आणि रविवारी एक लांबचा पल्ला. पहिल्या दोन रविवारी बार्शी रस्त्यानं नान्नजला जाऊन या, जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस होतात. नान्नज माळढोकचं अभयारण्य म्हणून ओळखलं जातं. माळढोक दिसणं आता फार दुर्मिळ, पण काळविटांचे कळप सकाळी दिसतात. तिसऱ्या रविवारी विजयपूर रस्त्यानं हत्तरसंग कुडलला जा. भीमा-सीनेच्या संगमावरच्या त्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपण बोलतो त्या भाषेची हजार वर्षांपूर्वीची अक्षरं बघायला मिळतात, आणि ऐंशीएक किलोमीटरचा सरावही होतो. तो पल्ला पार पडला आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला, तर तुम्ही तयार आहात.

पहिला दिवस : तुळजापूर

पहाटे साडेपाचला रूपाभवानी. देवीला नमस्कार करायचा आणि दिवे लावून निघायचं. शहराबाहेर पडेपर्यंत उजाडू लागतं. उळे, तामलवाडी, सांगवी अशी गावं येतात. चौपदरी महामार्ग आहे, त्यामुळे रस्ता गुळगुळीत, पण गाड्या वेगात. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहायचं, जिथं सर्व्हिस रोड आहे तिथं तो पकडायचा. उलट्या बाजूनं कधीच यायचं नाही, हॉटेल समोर दिसत असलं तरी. अडचण आली तर महामार्गाची मदत १०३३ वर मिळते, आणीबाणीला ११२.

दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा असेलच असं नाही. त्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. मागची ट्रॉली नागासारखी डोलते. तो पुढं जाऊ द्या, दोन मिनिटं उभं राहा, आणि रस्त्यावर पडलेलं ऊसाचं कांडकं उचला.

तामलवाडीपर्यंत रस्ता सपाट भासतो, पण सपाट नसतो. तो अगदी थोडा थोडा चढत असतो, आणि माणसाला वाटतं की आज आपल्यात दम नाही. दम आहे, चढ दिसत नाही एवढंच. इथंच घाई करून पाय संपवू नका. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच जोरात चालवा. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला. तामलवाडीला चहा-पोहे करून घ्या.

मग समोर डोंगर दिसू लागतात. बालाघाटाचे डोंगर टोकदार नाहीत, वरून सपाट कापल्यासारखे आहेत. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला हा काळा पाषाण. ‘बाला’ म्हणजे फारसीत वर. या रांगेच्या उत्तरेचं पाणी तेरणेतून मांजरेला आणि पुढं गोदावरीला जातं, दक्षिणेचं बोरीतून भीमेला आणि पुढं कृष्णेला. म्हणजे घाट चढून गेलं की आपण दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या बांधावर उभे असतो. धाप टाकताना हे आठवलं की थांबायला एक सभ्य कारण मिळतं.

घाटाची युक्ती एकच. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवा : पुढची लहान चक्री, मागची मोठी. चढावर जोर लावून बसल्यावर गिअर बदलायला गेलं की चेन कडकड वाजते आणि कधी कधी निसटते. पायडल हलकं फिरत राहिलं पाहिजे. वेग ताशी सात-आठ झाला तरी चालेल. नजर वळणावर ठेवायची, माथ्यावर नाही. आणि उतरून ढकलत नेलं तर त्यात कमीपणा काही नाही. देवीच्या दारी निम्मी दुनिया चालतच येते.

नऊ-साडेनऊपर्यंत तुळजापुरात पोचता. लॉज आणि भक्तनिवास भरपूर आहेत. खोली घेण्याआधी ‘सायकल आत ठेवता येईल का’ हे विचारा, भाड्याचं नंतर. दुपारी झोप काढा, दर्शन संध्याकाळी करा. सायकलच्या घट्ट चड्डीवर साधी पँट चढवा. पायांत बूट-चपला काही नसणारच, पण देऊळ खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर आहे. सकाळभर पायडल मारलेल्या पायांना उतरताना लटलट सुटते, तेव्हा कठडा धरून उतरा. राजे शहाजी महाद्वारातून खाली गेलं की कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतात. हेमाडपंती बांधणीचं मूळ देऊळ आणि नंतरची भर यांतला फरक गर्दी नसेल तेव्हाच नीट बघता येतो.

दुसरा दिवस : नळदुर्ग

सकाळी सहाला निघा. तुळजापूर ते नळदुर्ग रस्ता माथ्यावरून आग्नेयेला उतरतो, पण सरळ उतरत नाही, खाली-वर, खाली-वर. वाहतूक महामार्गापेक्षा कमी. आजूबाजूला ज्वारी, हरभरा, तूर. जानेवारीत कुणीतरी हुरड्याला हाक मारतंच. जरूर जा, पण हुरड्यावर पाणी पिऊ नका, ताक प्या, आणि पोटभर खाऊन लगेच सायकलवर बसू नका. हा सल्ला अनुभवाचा आहे, तपशील विचारू नका.

परदेशात जुन्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथं सायकलींच्या हिरव्या वाटा केल्या आहेत. स्पेनमध्ये अशा वाटांचं मोठं जाळं आहे. आपल्याकडे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची ‘बार्शी लाईट’ सुरू झाली होती, पण ती पुढं ब्रॉडगेज झाली. तिची गरज अजून आहे, ते बरंच झालं. आपली हिरवी वाट म्हणजे पाणंद. दोन्हीकडे बोरी-बाभळी, मधून बैलगाडीची चाकोरी, वर होल्यांचा आवाज. या टप्प्यात अधूनमधून रस्ता सोडून पाणंदीनं दोन-चार किलोमीटर जायला मजा येते. फक्त आत शिरण्याआधी बांधावरच्या माणसाला विचारा. ‘रस्ता आहे का?’ असं नाही. रस्ता सगळीकडेच असतो, तो कुणाच्या तरी विहिरीपाशी संपतो. ‘मामा, मोटारसायकल पलीकडं निघती का?’ असं विचारा. हो म्हणाले तर जा. ‘जवळच हाय’ म्हणाले तर किमान पाच किलोमीटर धरा. पाऊस पडून गेल्यावर आठवडाभर पाणंदीचा विचारही नको. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरायचं थांबतं, आणि काडीनं उकरत बसावं लागतं.

नळदुर्गला नऊच्या सुमारास पोचाल. किल्ल्यात जायला तिकीट आहे. सायकल दाराशी, माणसांच्या नजरेत, कुलूप लावून ठेवा आणि सामानाची पिशवी सोबत घ्या. निदान तीन तास द्या.

बोरी नदीच्या वळणावर काळ्या दगडाचा हा किल्ला पसरला आहे. नदीच्या पलीकडे रणमंडळ नावाचा दुसरा छोटा किल्ला, आणि दोघांना जोडणारा दगडी बांध. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, १६१३ मध्ये, या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. बांध सुमारे नव्वद फूट उंच. आत जिन्यानं उतरायचं, बारीक नक्षीच्या खिडक्यांशी बसायचं. पाणी वाहत असेल तेव्हा ते डोक्यावरून येऊन खिडकीसमोर पडतं, आणि आतला माणूस कोरडा. बांधावरून पडणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. धरण बांधणाऱ्यांनी पाणी अडवायचं तेवढंच काम केलं असतं तरी चाललं असतं. त्यांना पाण्याच्या मागे बसून पाऊस बघायचा होता. उन्हात सायकल मारून आलेल्या माणसाला ती खोली जेवढी कळते तेवढी मोटारीतून उतरलेल्याला कळत नाही, असं माझं मत आहे. आतला दगड गार असतो. पंधरा मिनिटं गप्प बसा.

मग उपळी बुरूज. पायऱ्या उंच आहेत, मांड्या ओरडतील, पण चढा. वर लांबलचक तोफा आहेत, आणि तिथूनच कळतं की किल्ला इथं का : चहूकडचा माळ आणि येणारी प्रत्येक वाट डोळ्यांखाली. नवबुरूजही बघा, नऊ पाकळ्यांचा घेर असलेला बुरूज रोज दिसत नाही. १८५३ ते १८५७ या काळात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार बघत इथं राहत होता. तेव्हा जिल्हा नळदुर्गचा होता, धाराशिवचा नाही.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर जवळच मैलारपूर आहे. इथल्या खंडोबाची मूर्ती वर्षातला काही काळ मैलारपूरला आणि उरलेला काळ अणदूरला असते. देव स्वतः दरवर्षी दोन गावांत फिरतो, म्हणजे फिरस्त्यांचाच देव म्हणायचा. देव सध्या कुठल्या गावात आहे ते आधी चौकशी करून घ्या.

परतीचा पल्ला

इथं एक निर्णय प्रामाणिकपणे घ्या. सरावात साठच्या वर कधी गेला नसाल, किंवा सकाळचे तेहतीस आणि किल्ल्याच्या पायऱ्या मिळून पाय जड झाले असतील, तर नळदुर्गातच मुक्काम करा आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघा. सायकल बंद पडली तर छोटा हत्ती ठरवून घरी या. नव्या एसटी गाड्यांना टपावर शिडी-कॅरिअर नसतो, त्या भरवशावर राहू नका.

निघणार असाल तर जेवण हलकं ठेवा आणि दोनच्या आत रस्त्याला लागा. हिवाळ्यात सहालाच अंधार पडू लागतो. इटकळ, तांदुळवाडी, बोरामणी असा मुंबई-पुण्याहून हैदराबादला जाणारा हा महामार्ग आहे; अवजड वाहनं रात्रंदिवस. रस्ता उताराचा, वारा पाठीशी, त्यामुळे सायकल ताशी पंचवीस-तीसनं पळू लागते आणि माणूस खूश होतो. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटून पालटून दाबा; पुढचा एकटा करकचून दाबला तर सायकल थांबते आणि आपण पुढं जातो. इटकळला थांबून पाणी भरून घ्या, पुढच्या माळावर सावली कमी आहे. पश्चिमेला तोंड असल्यामुळे चारनंतर ऊन थेट डोळ्यांत येतं. टोपीची पट्टी हेल्मेटखाली असू द्या. आणि लक्षात ठेवा, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं. मागचा लाल दिवा दुपारीच लावा.

शहराजवळ आल्यावर शेवटची खबरदारी. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या ट्रकांच्या रांगा लागतात, रस्ता अर्धा होतो आणि पडलेल्या कांद्यावरून, पातीवरून चाक सरकतं. तिथं उतरा आणि फुटपाथच्या कडेनं चालत बाहेर पडा. सव्वाशे किलोमीटर नीट येऊन घराजवळ कांद्यावरून घसरून पडलेला एक जण मला माहीत आहे. आरशात रोज दिसतो.